दिवेलागणीचा किडा

किडा धरायचा असेल तर पंखांच्या मुळाशी धरावा. अंगठा एका बाजूला, पहिलं बोट दुसऱ्या बाजूला, आणि दाब एवढाच की तो निसटणार नाही. पायाला धरलं तर पाय तुटतो. पंखाच्या टोकाला धरलं तर पंख फाटतो. नर असेल तर तो हातात ओरडतो आणि आपली बोटं आतून थरथरायला लागतात. नवख्या माणसाच्या हातून तो तिथंच सुटतो.

धरायला मी माहेरी शिकले, करवंदीच्या जाळ्यांतून हिंडताना. बघायला शिकले ते इथं, सासरी, वरच्या मॅडमकडून.

आमचं घर हिंजवडीजवळच्या चांदे गावात आहे. खाली आम्ही राहतो. वरच्या खोल्या हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांना भाड्यानं दिलेल्या आहेत. चारी बाजूंनी भिंत, पुढं लोखंडी गेट, मागं परसात एक जुनं जांभळीचं झाड. भिंतीपलीकडं आमचीच जमीन होती. आता तिथं एवढ्या उंच इमारती झाल्यात की दुपार कलली की परसात ऊन येत नाही. आमचे मालक, म्हणजे मुलीचे वडील, उरवड्याला कारखान्यात जातात, शिफ्टप्रमाणं. घरात सासूबाई, मी आणि माझी मुलगी. सासूबाईंना मी आत्या, आत्याबाई म्हणते. मी दुधाला गेटपर्यंत जाते, मुलीला शाळेच्या गाडीत बसवायला गेटपर्यंत जाते, आणि दळण असलं की गिरणीपर्यंत. त्याच्यापुढं जायचं तर विचारावं लागतं, आणि विचारायचं म्हटलं की माझी जीभ जड होते. म्हणून मी बहुतेक वेळा विचारतच नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या गावात शाळा तेवढीच होती. लिहिताना समोर कुणी नसतं, कुणी तोंडाकडं बघत नाही, म्हणून लिहिते. हे कुणाला दाखवायचं नाही.

मॅडम नागपूरकडच्या. त्यांचे मिस्टर ऑफिसात जातात आणि त्या घरातूनच कॉम्प्युटरवर काम करतात. दिवसभर खोलीत एकट्या. पहिले काही महिने आमचं बोलणं पाणी आलं, पाणी गेलं, एवढंच. मग एका उन्हाळ्यात त्यांच्या दोरीवरच्या ओढणीला एक किडा येऊन चिकटला.

"ताई! ओ ताई! हे पकडून देता का? मला भेव वाटते."

मी वर गेले. रातकिडाच होता. आम्ही सगळे त्याला रातकिडाच म्हणतो, दिवसाढवळ्या जांभळीवर बसून ओरडला तरी. मी तो अलगद उचलला.

"मारू नका हं."

मी मान हलवली. त्यांनी फोन काढला आणि फोटो घ्यायला लागल्या. पाठीचा घेतला, तोंडाचा घेतला. मग म्हणाल्या, "आता उलटा करा ना जरा. पोट दाखवा त्याचं."

मी उलटा केला.

"तुमचे हात नाही हलत ताई. माझे तर फोन धरूनही हलून राहिले."

माझ्या हातांबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं. भाकरी थापताना कुणी हाताकडं बघत नाही.

त्यांनी सांगितलं की रातकिडा वेगळा. तो जमिनीवर, गवतात असतो, लांब मिशा असतात, उड्या मारतो. हा झाडावरचा, याला सिकाडा म्हणतात, आणि याच्या खूप जाती आहेत. त्या फोटो काढून इंटरनेटवर टाकतात, आणि कुठली कुठली माणसं बघून नाव सांगतात. पण नुसत्या पाठीचा फोटो टाकला तर कुणी नाव सांगत नाही. पोट दाखवा म्हणतात. पंख पसरून दाखवा म्हणतात. त्यासाठी किडा कुणीतरी धरायला हवा, आणि मॅडमना तर झुरळालासुद्धा हात लावता येत नव्हता.

तेव्हापासून मी धरायला लागले. दुपारी भांडी झाली, आत्याबाई पडल्या, की मी परसात जायची आणि मॅडम जिन्यानं खाली यायच्या. कामातून उठून दहा-पंधरा मिनिटंच यायच्या. मला तेवढ्यातच भिंतीबाहेर जाऊन आल्यासारखं वाटायचं, जरी आम्ही भिंतीला टेकून उभ्या असायचो.

मला नावं येत नाहीत. ती लांब असतात आणि माझ्या तोंडात बसत नाहीत. पण कुठं बघायचं ते मला आता कळतं. दोन मोठे डोळे अगदी कडेला, आणि मधोमध कपाळावर तीन बारीक लाल ठिपके. तेही डोळेच. त्याच्या खालचा भाग फुगलेला असतो, त्यावर आडव्या रेघा, आणि तिथून निघालेली सोंड छातीला चिकटवून ठेवलेली. ती झाडात खुपसून रस ओढतो. पाठीवर पंख सुरू होतात तिथं फुलीसारखा उंचवटा. आमच्या जांभळीवर दोन जातीचे यायचे. एकाचे पंख मातकट, शेवाळ धरलेल्या सालीसारखे. तो खोडावर बसला तर दिसतच नाही. दुसऱ्याचे पंख काचेसारखे आणि त्यातल्या शिरा हिरव्या. पण एवढ्यावर भागत नाही. खरी ओळख पोटाखाली असते. नराच्या छातीखाली दोन खवले असतात, पातळ, करंजीची पारी दुमडावी तसे. त्यांच्या आत त्याचा आवाज. काहींचे खवले आखूड आणि गोल, काहींचे लांब, पार पोटाच्या मध्यापर्यंत आलेले. दिसायला अगदी सारखे दोन किडे असले तरी खवल्यांवरून जात कळते. मादीला ते नसतात. तिचं पोट मागं निमुळतं असतं आणि खाली बारीक सुई, फांदीला चीर पाडून अंडी घालायची. मादी ओरडत नाही.

हे मॅडम सांगत होत्या तेव्हा आत्याबाई मागच्या दारात येऊन उभ्या होत्या.

"मादी वरडत न्हाई?" त्या म्हणाल्या. "मंग आमच्या सुनंच्याच जातीची हाय की."

मॅडम हसल्या. मग माझ्याकडं बघून थांबल्या.

"आन डोळं किती म्हनलात?"

"पाच, आजी."

"पाच डोळं आन कावळा दिसत न्हाई व्हय मुडद्याला!" समोरच जांभळीवरून एक कावळा चोचीत किडा धरून उडाला होता. तेव्हा मात्र मीही हसले.

आत्याबाई वाईट नाहीत. हे लिहून ठेवायला पाहिजे, नाहीतर पुढचं वाचून उलटंच वाटेल. माझी मुलगी रांगत होती तेव्हा घरात मोठी जाऊ होती. तिला एक मुलगा. आत्याबाईंचा सगळा जीव त्या नातवात. घरात पटत नव्हतं, भांडणं व्हायची. मग जाऊ नागपंचमीला चार दिवस म्हणून मुलाला घेऊन माहेरी गेली. ती आली नाही. थोड्या दिवसांनी थोरले दीरही गेले. आता ते भूगावला फ्लॅटमध्ये राहतात. भूगाव काही लांब नाही, पण नातू या घरात परत आलेला नाही. आत्याबाई त्याचा गंजिफ्रॉक अजून कपाटात ठेवून आहेत.

तेव्हापासून या घरात एक पद्धत पडली. कुणी ठरवली नाही, कुणी बोलून दाखवली नाही. मला माहेरी जायचं असेल तर जायचं, पण मुलगी इथं ठेवून जायचं, आणि दिवे लागायच्या आत परत यायचं. रात्री राहायचं नाही. पूर्वी आमच्या गोठ्यात गाय होती. आत्याबाई तिला चरायला सोडायच्या तेव्हा वासरू दावणीला बांधून ठेवायच्या. मग गाय हुंदडत कितीही लांब गेली तरी दिवेलागणीला पान्हा दाटून स्वतःच्या पायानं गोठ्यात यायची. गुराखी लागायचा नाही.

गिरणीत एकदा शेजारची बाई सगळ्यांसमोर म्हणाली, "आगं, तुज्या सासूला घोर न्हाई. वासरू बांधलंय म्हनल्यावर गाय कुटं जातीया!" बायका हसल्या. मी पिठाचा डबा डोक्यावर घेऊन निघून आले.  

माझ्या आईचे गुडघे गेलेत. तिला एसटीत चढता येत नाही, आणि डोळ्यांनी अंधुक दिसतं. माझ्या मुलीला तिनं बघितलं होतं ते भावाच्या लग्नात, कडेवर. एव्हाना मुलगी तिसरीत गेली होती. माझ्या मनात एकच होतं, की एक संध्याकाळ या मुलीला आईपाशी बसवावं. जास्त नको. दिवे लागताना आमच्या ओट्यावर आई, मी आणि ती. मी ते कुणाला बोलले नव्हते. मालकांनासुद्धा नाही. त्यांना सांगितलं तर ते "आईला विचार" म्हणाले असते.

मी मॅडमसाठी किडे धरायला लागले त्याच उन्हाळ्यात एक गोष्ट घडली. दिवे लागून गेले होते, मी भाकरी करत होते. मुलगी परसातून ओरडत आली, "आई, मातीतनं बाहेर आलाय!" हे किडे लहानपणी जमिनीत असतात, मुळांचा रस पिऊन वर्षानुवर्षं अंधारात राहतात. वेळ झाली की वर येतात, उभ्या जागी चढतात आणि पाठ फोडून कातेतून बाहेर पडतात. हा दगडी पायरीवर चढत होता. मॅडमना हाक मारली. आमच्या डोळ्यांसमोर त्याची पाठ फुटली आणि आतून फिकट हिरवा, जवळजवळ पांढरा किडा निघाला, डोळे लाल. पंख म्हणजे नुसत्या दोन मुटकुळ्या.

"हे नवीनच आहे!" मॅडम म्हणाल्या. "असा रंग आपण नाही पाहिला ताई." त्यांनी भराभर फोटो काढले. तेवढ्यात त्यांना ऑफिसचा फोन आला आणि त्या वर गेल्या. तव्यावरची भाकरी करपत होती म्हणून मी आत आले.

आमच्याकडं मांजर आहे. आत्याबाईंनी बघितलं की मांजर पायरीपाशी टपून बसलंय. त्यांनी किडा काडीवर घेऊन खाली फरशीवर ठेवला आणि वर भाकरीची दुरडी पालथी घातली. दुरडीवर दगड ठेवला. सकाळी मोठ्या उमेदीनं त्यांनीच दुरडी उचलली. हिरवा रंग गेला होता. तो आमच्या जांभळीवरचा रोजचाच किडा होता. कातेतून निघाल्यावर सगळेच तसे फिके असतात, रंग नंतर भरतो. पण पंख उघडले नव्हते. उभं लटकायला जागा नव्हती, म्हणून ते चुरगळले ते तसेच वाळून कडक झाले होते. तो चालत होता. उडायला जाऊन पडत होता.

"आगं म्या तर राखाया झाकलं," आत्याबाई म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, "मांजरानं खाल्लं असतं की." त्यांना कुणी बोललं नव्हतं.

त्यांनी तो जांभळीच्या फांदीवर ठेवून बघितला. संध्याकाळी तो खाली मुंग्यांत सापडला. त्यांनी मुंग्या झटकल्या आणि तो वाळका किडा देवळीत, निरंजनाशेजारी ठेवला. मी झाडताना उचलला तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दी तितंच."

पुढच्या वर्षी, मे महिन्यात, मी मॅडमना माहेरच्या किड्याचं सांगितलं. बोलता बोलता सांगितलं गेलं. आमच्या गावामागं रान आहे, धरणाच्या पाण्यापर्यंत उतरत गेलेलं. तिथं एक किडा आहे तो दिवसा गप्प असतो आणि बरोबर दिवेलागणीला सुरू होतो. घड्याळ नव्हतं तेव्हा आई त्याच्यावर गुरं आत घ्यायची. पंख काचेसारखेच, पण टोकाकडं धुरकट ठिपके. मॅडमनी फोनवर दोन फोटो दाखवले. दोन्ही मला तसेच वाटले.

"याच दोन जातींत घोळ आहे," त्या म्हणाल्या. "खवले पाहिजेत. नाही तर आवाज."

आम्ही गच्चीवर कुरडया घालत होतो. आत्याबाई सोऱ्या फिरवत होत्या, मी चीक भरून देत होते. मॅडम येऊन सरळ त्यांनाच म्हणाल्या, "आजी, ताईंच्या माहेरी एक किडा आहे, संध्याकाळीच ओरडणारा. मी ताईंना नेऊ का माझ्या गाडीतून? नेते अन् आणून सोडते."

आत्याबाईंचा हात थांबला नाही. "हितं किडं न्हाईत व्हय? जांबळीवर नुसता कालवा हाय."

"तो इथं नाही ना, आजी."

"मंग जा की. कोन न्हाई म्हनतंय." एक कुरडई पुरी झाली. "पन दिवं लागायच्या आत घरी. आन पोरगी हितं ऱ्हाईल माज्यापाशी."

"अहो, पण तो ओरडतोच दिवे लागल्यावर."

"आवाज कशाला पायजेल तुमास्नी? तोंड बगून, पोट बगून वळखता न्हवं? म्हैनोन्म्हैनं तेच करताय की दोगी. मंग दिवसाच वळखा."

आत्याबाईंचं बोलणं खरंच होतं. आम्ही आवाजावरून नाही, अंगावरून ओळखत होतो. मी चीक ढवळत राहिले. माझ्या मनातली संध्याकाळ तिथंच संपली होती.

पिरंगुट, पौड करत आम्ही गेलो. धरणाचं पाणी दिसायला लागलं तशी मी काच खाली केली. भाऊ-भावजय कामाला गेलेले होते. आई ओट्यावर बसली होती, आवाजाच्या दिशेनं तोंड करून.

"पोरीला न्हाई आनलं?"

"शाळा हाय तिला."

"मे म्हैन्यात?"

  आईनं मला मॅडमना पाणी द्यायला सांगितलं.

आम्ही रानात शिरलो. वर झाडांच्या शेंड्यांवर दिवसाचे किडे ओरडत होते, दुसऱ्याच जातीचे. हिरड्याच्या खोडांवर वाळक्या काती चिकटल्या होत्या, पाठी फुटलेल्या. आम्ही एकेक खोड बघत गेलो. ऊन डोक्यावरून पुढं सरकलं तेव्हा एका बुंध्यावर, माझ्या खांद्याच्या उंचीवर, तो दिसला. काचेचे पंख, टोकाकडं धुरकट ठिपके. मी अंगठा आणि बोट नेलं आणि धरला.

तो ओरडला नाही.

मी उलटा केला. पोटाखाली खवले नव्हते. पोट निमुळतं, खाली सुई.

"मादी," मी म्हणाले.

मॅडमनी तरी फोटो काढले. मग फोन खाली केला. "दोन्ही जातींच्या माद्या सारख्याच असतात ताई. यावरून नाही सांगता येणार. नर पाहिजे, नाही तर आवाजाची वाट पाहावी लागते."

नर होते, पण वर, आणि गप्प. दिवे लागल्याशिवाय ते खाली येत नाहीत हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी तिला परत बुंध्यावर ठेवली. ती दोन पावलं वर चढली आणि बसून राहिली.

ओट्यावर चहा घेत होतो तेव्हा फोन आला. "निगालीस का?" आत्याबाई. "पोरगी इचारतीया." मग त्यांनी फोन मुलीला दिला. "आई, तू कवा येनार?" तिच्या मागं आत्याबाई हळू आवाजात सांगत होत्या, म्हन, लौकर ये.

"निघतेच," मी म्हणाले.

पाण्यावर अजून ऊन होतं. आई म्हणाली, "जरा थांब की. आता बोलंलच त्यो."

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी गाडीची किल्ली हातात घेतली नव्हती. मी जर "थांबू" म्हणाले असते तर त्या थांबल्या असत्या, हे मला माहीत होतं. मी चपला घातल्या.

वाटेत मी काच खालीच ठेवली. पौडपर्यंत काही ऐकू आलं नाही. पुढं नुसत्या गाड्या आणि बांधकामावरची मशिनं. आम्ही गेटात शिरलो तेव्हा आत्याबाई मुलीला गुडघ्याशी घेऊन पायरीवर बसल्या होत्या. निरंजन अजून लावलं नव्हतं.

"घावला का?"

"घावला," मी म्हणाले. "पन मादी घावली. मादीवरनं जात कळत न्हाई. नर दिवं लागल्यावरच खाली येतो."

माझ्यासाठी हे खूप बोलणं होतं. आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या.

मुलगी म्हणाली, "आजी कशी हाय? मला का नाही नेलंस?"

  आत्याबाई उठून आत गेल्या, दिवा लावला. देवळीत तो वाळका किडा होता, पंख चुरगळलेला. त्यांनी त्याच्या आजूबाजूची राख फुंकली आणि निरंजन त्याच्यापासून जरा लांब सरकवलं.

दोन-चार दिवसांनी, मी कणीक मळत असताना, त्या मागून म्हणाल्या, "त्या मॅडमला इचार, परत कवा जायाचंय. पोरीलाबी नेऊ."

माझे हात थांबले.

"मीबी येती," त्या म्हणाल्या.

तर अशी माझी ती संध्याकाळ आली. मागितली नव्हती तशी. आत्याबाई गाडीत पुढं बसल्या, मुलगी मांडीवर, तिचं मनगट त्यांच्या मुठीत. "हळू चालवा बाई," मॅडमना म्हणाल्या, "मी अजून म्हातारी व्हायची हाय." घाटातल्या वळणावर मुलीला खिडकीतून बघायचं होतं. ती वळली तशी त्याही वळल्या.

आईनं पायांचा आवाज ऐकून ओळखलं. "या इहीनबाई. वाट चुकलात व्हय?"

"चुकली न्हाई. तुमच्या लेकीनं किड्यापायी आनलं एवड्या लांब."

"किड्यापायी का हुईना."

दोघी ओट्यावर बसल्या. आई एका टोकाला दारापाशी, आत्याबाई दुसऱ्या टोकाला, मधे मी. मुलगी आत्याबाईंपाशी, मनगट तसंच धरलेलं. आई तिच्या दिशेनं बघत होती, पण तिला तिथून काही दिसत नव्हतं. मुलगीही आईकडं बघत होती. दोघींत चार हातांचं अंतर होतं. भावजयीनं ओट्यावरचा बल्ब लावला.

आईनं हात वर केला. "आला."

आधी एक. पितळी घंगाळाच्या काठावरून ओलं बोट फिरवत राहावं तसा आवाज, बारीक, मग चढत गेला. मग दुसरा. मग सगळं रान. मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते. मॅडम फोन उंच धरून उभ्या होत्या, हलत नव्हत्या. मला आईकडं सरकावंसं वाटत होतं, पण मधे बसले होते तिथंच बसून राहिले.

एक किडा बल्बपाशी आला, भिंतीवर आपटला, बसला. मी उठले आणि धरला. तो ओरडला. बोटं, मनगट, पार कोपरापर्यंत थरथर आली. मी उलटा केला आणि बल्बखाली धरला. खवले लांब होते, टोकाला गोल, पोटाच्या मध्यापर्यंत आलेले.

"हाच!" मॅडम म्हणाल्या. "लांब आहेत! हाच आहे ताई!" त्या फोटो काढत होत्या आणि हसत होत्या.

"बगू," आत्याबाई म्हणाल्या.

मी त्यांच्यापुढं नेला. "धरा, आत्या. दोनी हातांनी धरा."

हा किडा एका हातात राहतो. मला ते चांगलं माहीत होतं.

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी मुलीचं मनगट सोडलं आणि दोन्ही हात पुढं केले. मी किडा त्यांच्या बोटांत दिला, पंखांच्या मुळाशी कसं धरायचं ते दाखवलं. तो त्यांच्या हातात ओरडायला लागला. "आगं बया! केवडा थरारतोय!" त्या म्हणाल्या, पण त्यांनी सोडला नाही.

मुलगी ओट्याच्या कडेनं चालत माझ्या आईपाशी गेली होती. आईनं तिचं तोंड दोन्ही हातांत घेतलं. बोटं कपाळावरून फिरवली, भुवयांवरून, नाकावरून, कानांच्या पाळ्यांवरून. मुलगी डोळे मिटून उभी होती.

"कपाळ आमचं हाय," आई म्हणाली. "नाक न्हाई."

"नाक आमचं हाय," आत्याबाई तिकडून म्हणाल्या. किडा धरूनच होत्या. "माज्या थोरल्याचं. नातवाचंबी असंच हाय."

 किडा गप्प झाला, मग पुन्हा ओरडला.

"आता सोडू का?" त्यांनी मला विचारलं.

"थांबा जरा," मी म्हणाले. "मॅडमना अजून एक फोटो पायजे."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि फोन वर केला.

आम्ही राहिलो नाही. जेवून निघालो. परतताना आत्याबाईंनी मुलीचं मनगट पुन्हा हातात घेतलं. ती झोपली तरी तसंच होतं. घरी आल्यावर त्यांनीच गेटची कडी लावली आणि ओढून बघितली.

त्यानंतर आम्ही गेलेलो नाही. मॅडमच्या मिस्टरांची बदली झाली, त्या खोली सोडून गेल्या. वरती आता दोन मुलं राहतात, ती खाली येत नाहीत. पण उन्हाळ्यात जांभळीवर किडे येतात. मुलगी शाळेतून आली की परसात जाते, खोडावर शोधते, अंगठ्यानं आणि बोटानं धरते, उलटा करून उजेडात बघते. मी मागच्या दारात असते.

"आखूड हायेत, आई," ती म्हणते आणि त्याला परत खोडावर ठेवते. "हा आपला न्हाई."